पामीर: बुडालेलं शिडाचं जहाज आणि ल्यूबेकच्या चर्चमधली बोट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात सेंट याकोबी नावाचं एक जुनं चर्च आहे. त्याच्या बुरुजाखालच्या एका खोलीत फुटकी लाइफबोट ठेवली आहे. ती बोट ‘पामीर’ या शिडाच्या जहाजाची. २१ सप्टेंबर १९५७ रोजी हे जहाज अटलांटिक महासागरात बुडालं, त्या वेळी त्यावर ८६ माणसं होती. त्यातली ८० परत आली नाहीत.

मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं काढली. पामीरबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते वर्गात, जहाजाच्या स्थैर्याचा धडा शिकताना. पुढे ल्यूबेकला जाऊन ती बोट पाहिली. परतल्यावर मित्रांनी, शिकाऊ मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी जे जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पामीर तर पर्वत आहे ना? जहाजाला ते नाव कसं मिळालं?

हो, मध्य आशियातली तीच पर्वतरांग. हॅम्बुर्गच्या लाइश कंपनीची प्रथा अशी की जहाजाचं नाव ‘प’ने सुरू व्हायचं. पासाट, पेकिंग, पादुआ, पोमर्न, प्रॉयसन ही सगळी त्याच घरची. प्रथेचं मूळ घरगुती आहे. मालक कार्ल लाइश यांची पत्नी सोफी हिचे केस कुरळे होते, म्हणून तिला लाडाने ‘पुडेल’ म्हणत. पूडल जातीच्या कुत्र्याचं ते जर्मन नाव. एका जहाजाला तेच नाव दिलं गेलं आणि पुढे ‘प’ अक्षर कायमचं चिकटलं. ही जहाजं इतक्या वेगाने पळायची की जगभरचे खलाशी त्यांना ‘उडती पी जहाजं’ म्हणू लागले.

जहाज केवढं होतं?

आपल्याकडे शिडाचं जहाज म्हटलं की मचवा किंवा गलबत डोळ्यांसमोर येतं. पामीर त्या मापात बसत नाही. २९ जुलै १९०५ रोजी हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोस गोदीत ते पाण्यात उतरलं. सांगाडा पोलादी, लांबी जवळजवळ ११४ मीटर, रुंदी १४ मीटर. डेकपासून डोलकाठ्यांची उंची ५० मीटरच्या वर, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीएवढी. सर्वांत मोठं परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात ते आडवं लाकूड, इथे पोलादाचं आणि २८ मीटर लांब. सगळी शिडं उघडली की ३,८०० चौरस मीटर कापड वाऱ्यावर यायचं.

जातीने ते चार डोलकाठ्यांचं ‘बार्क’. पुढच्या तीन डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडं आणि शेवटच्या डोलकाठीवर जहाजाच्या लांबीच्या दिशेने लागणारी शिडं. मोठ्या मालवाहू जहाजाला ही मांडणी फार सोयीची, कारण त्यामानाने थोडी माणसं पुरतात.

१९०५ ते १९५७, म्हणजे बावन्न वर्षं. इतकी वर्षं ते काय करत होतं?

सुरुवातीला सोऱ्याची वाहतूक. चिलीच्या किनाऱ्यावरून नैसर्गिक सोरा भरायचा आणि केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून युरोपात आणायचा. खताला आणि स्फोटकांना तो लागायचा.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पामीर वाटेत होतं. कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा इथे त्याने आसरा घेतला आणि १९२० पर्यंत तिथेच अडकून पडलं. युद्धाची भरपाई म्हणून ते इटलीला मिळालं. पण इतकं मोठं शिडाचं जहाज चालवायला माणसं आणायची कुठून? नेपल्सच्या आखातात ते नुसतं नांगरून राहिलं. १९२४ मध्ये लाइश कंपनीने ते परत विकत घेतलं आणि पुन्हा सोऱ्यासाठी धाडलं.

१९३१ मध्ये ते फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या गुस्ताफ एरिक्सन या मालकाकडे गेलं. एरिक्सन हा अवलिया म्हणावा असा जहाजमालक. सगळं जग वाफेकडे वळलं असताना हा जुनी शिडाची जहाजं स्वस्तात घेऊन ऑस्ट्रेलियाचा गहू युरोपात आणत होता. १९३२ मध्ये पामीरने ती वाट १०३ दिवसांत कापली.

ऑगस्ट १९४१ मध्ये पामीर वेलिंग्टनला असताना न्यूझीलंड सरकारने ते युद्धातली लूट म्हणून ताब्यात घेतलं. त्यानंतर सात वर्षं ते न्यूझीलंडच्या झेंड्याखाली चाललं. ऐन महायुद्धात, पाणबुड्यांच्या काळात, शिडावर. न्यूझीलंडमध्ये आजही पामीरबद्दल आपलेपणाने बोलणारे लोक भेटतात ते यामुळेच. १९४८ मध्ये जहाज एरिक्सन कुटुंबाला परत मिळालं. गुस्ताफ मात्र आदल्या वर्षीच वारला होता.

केप हॉर्नला वळसा घालणारं शेवटचं जहाज हेच का?

हो, पण नीट सांगायला हवं. शिडाच्या नावा आजही केप हॉर्नला वळसा घालतात. मात्र माल भरून, निव्वळ वाऱ्याच्या जोरावर, व्यापारासाठी तो वळसा घालणारं शेवटचं जहाज पामीर. तारीख ११ जुलै १९४९. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट व्हिक्टोरियाहून धान्याची पोती भरून ते निघालं आणि १२८ दिवसांनी इंग्लंडच्या फालमथला पोहोचलं. शेकडो वर्षं चाललेला एक व्यवहार त्या दिवशी संपला.

मग भंगारात का गेलं नाही?

निघालंच होतं. १९५१ मध्ये पामीर आणि पासाट ही दोन्ही जहाजं बेल्जियममधल्या भंगारवाल्यांनी घेतली होती. हाइन्त्स श्लीवेन नावाच्या जर्मन जहाजमालकाने त्यांना सोडवलं, दुरुस्त केलं, मदतीला इंजिन बसवलं आणि शिकाऊ खलाशांची राहण्याची सोय केली. ल्यूबेक हे त्यांचं घरचं बंदर झालं. पुढे श्लीवेनचं दिवाळं निघालं. तेव्हा जर्मनीतल्या सुमारे चाळीस जहाजमालकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली आणि दोन्ही जहाजं चालती ठेवली.

१९५७ साली मुलांना शिडाच्या जहाजावर पाठवायची गरज काय होती?

हा प्रश्न त्या वेळी जर्मनीतही विचारला गेला, आणि बुडाल्यावर तर फारच कडवटपणे विचारला गेला.

जुन्या कप्तानांचं म्हणणं असं की वारा, लाट आणि प्रवाह हे अंगावर झेलल्याशिवाय कळत नाहीत. इंजिनाच्या जहाजावर ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, उभं राहून समुद्र काचेतून दिसतो. शिडाच्या जहाजावर पन्नास मीटर उंच परबाणावर पोटावर ओणवं होऊन, भिजलेलं जड शीड गुंडाळताना, शेजारच्या मुलावर विश्वास टाकावाच लागतो. मला यात तथ्य वाटतं. माझ्याबरोबर काम केलेल्या काही अधिकाऱ्यांनी शिडावर शिक्षण घेतलं होतं. आभाळ बदललं की त्यांना ते आधी कळायचं.

पण शिक्षणाला पैसा लागतो, आणि इथेच खरी मेख आहे. पामीर हे नुसतं शिक्षणाचं जहाज नव्हतं. मालाच्या भाड्यातून खर्च निघावा अशी योजना होती. अर्जेंटिनाला जायचं, धान्य भरायचं, परत यायचं. मुलं शिकतही होती आणि धंदाही चालवत होती. या दोन गोष्टी एकाच जहाजावर घातल्या की घाई, काटकसर आणि ‘चालून जाईल’ ही वृत्ती मुलांच्या जिवाजवळ येऊन बसते.

शेवटच्या फेरीवर कोण कोण होतं?

एकूण ८६ जण, त्यात पन्नासहून अधिक शिकाऊ मुलं. बरीचशी सोळा ते अठरा वर्षांची, म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावीची. नेहमीचे कप्तान आजारी असल्याने या फेरीला योहानेस डीबिच हे कप्तान होते. ऑगस्ट १९५७ मध्ये जहाज ब्वेनोस आयरेसहून हॅम्बुर्गला निघालं. पोटात ३,७८० टन जव होते, म्हणजे बार्ली.

एवढं मोठं जहाज बुडालं तरी कसं? वादळामुळेच ना?

वादळ होतंच. ‘कॅरी’ नावाचं ते चक्रीवादळ. पण पामीरने बावन्न वर्षांत कितीतरी वादळं खाल्ली होती. माझ्या मते या गोष्टीचा गाभा वाऱ्यात नाही, जवात आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

घरात डब्यात तांदूळ काठोकाठ भरा आणि डबा ओट्यावर चार वेळा आपटा. तांदूळ खाली बसतो आणि वर दोन बोटं जागा होते. जहाजाच्या पोटात मोकळं धान्य भरलं की हेच होतं. इंजिनाचा किंवा लाटांचा थरकाप लागून काही दिवसांत धान्य दबतं आणि वर पोकळी तयार होते. आता तोच डबा तिरका धरा. तांदूळ एका बाजूला घसरतो, आणि डबा पुन्हा सरळ केला तरी सगळा तांदूळ आपोआप मूळ जागी येत नाही. पाणी परत येतं, धान्य येत नाही. जहाज एका बाजूला कललं की धान्य तिकडे सरकतं, त्या वजनाने जहाज आणखी कलतं, आणि आणखी धान्य सरकतं. एकदा हे चक्र सुरू झालं की माणसाच्या हातात फार थोडं उरतं.

म्हणून मोकळं धान्य भरताना ते कोपऱ्याकोपऱ्यांत सारून सपाट करायचं, मध्ये आडोसे घालायचे आणि वरून पोत्यांचे थर रचून दाबून ठेवायचं ही जुनी रीत आहे. पामीरवर पोती होती, पण साधारण २५५ टन. बाकी सगळा माल मोकळा. त्यातून बंदरातल्या कामगारांचा संप चालला होता. धान्य सारण्याचं काम ज्यांचा त्यात हातखंडा, त्यांच्याऐवजी ते अननुभवी हातांनी झालं. मी धान्य भरताना खाली फळ्यांवर उभा राहिलो आहे. नाकातोंडात धूळ जाते, समोरचा माणूस दिसत नाही, आणि पार कडेच्या कोपऱ्यात धान्य नीट गेलं की नाही हे वरून कधीच कळत नाही. ते काम शिकाऊ पोरांचं नाही.

दुसरी गोष्ट नीरमाची. जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी जे वजन ठेवतात त्याला आपल्या जुन्या दर्यावर्दी भाषेत नीरम म्हणतात. ज्या टाक्यांत नीरम म्हणून पाणी घेता आलं असतं, त्यांतही जवच भरले होते.

तिसरी गोष्ट डोलण्याची. जहाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला किती वेळ घेतं, यावरून त्याच्या स्थैर्याचा अंदाज येतो. भरभर डोलणारं जहाज माणसाला त्रास देतं, पण ते ताठ असतं. सावकाश, आळसावल्यासारखं डोलणारं जहाज झोपेला बरं वाटतं, पण ते धोक्याचं. निघण्याआधी पामीरची ही चाचणी झाली होती आणि तिचा निकाल चांगला नव्हता. तरी जहाज निघालं.

त्या दिवशी नेमकं काय घडलं?

२१ सप्टेंबरच्या सकाळी पामीर अटलांटिकमधल्या अझोर बेटांच्या पश्चिम-नैऋत्येला सुमारे ६०० सागरी मैलांवर होतं. वारा भराभर वाढला. शिडं वेळेत कमी झाली नाहीत. काही शिडं फाटून उडाली, काही मुलांनी कापून काढली. जहाज डाव्या बाजूला कललं आणि सरळ होईना. आत जव सरकू लागले होते. डेकवरच्या खोल्यांची दारं आणि झरोके वेळेवर बंद झाले नव्हते, त्यातून पाणी शिरलं.

बिनतारी संदेश गेले. सगळी शिडं गेली आहेत, कल ३५ अंशांवर आहे, बुडण्याचा धोका आहे अशा आशयाचे. ३५ अंश म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून सांगतो: एवढ्या उतारावर ओल्या लाकडी डेकवर माणूस उभा राहू शकत नाही. दुपारी जहाज उलटलं, तळ वर करून सुमारे अर्धा तास तरंगत राहिलं आणि मग गेलं.

लाइफबोटी होत्या ना?

होत्या, पण एकही रीतसर उतरवता आली नाही. एका बाजूच्या बोटी पाण्याखाली गेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या आकाशाकडे. ज्या सुटून तरंगल्या त्या फुटक्या होत्या, आत पाणी भरलेलं, अन्नपाणी बहुतेक वाहून गेलेलं. त्यांना पोहून गाठणारे थोडे आणि त्यात टिकणारे आणखी थोडे.

एका बोटीत दहा जण चढले होते. २३ सप्टेंबरला ‘सॅक्सन’ या अमेरिकी मालवाहू जहाजाला ती सापडली तेव्हा पाच जण जिवंत होते. दुसऱ्या बोटीत वीसएक जण होते. २४ तारखेला अमेरिकी तटरक्षक दलाचं ‘अॅब्सेकन’ तिच्याजवळ पोहोचलं, तेव्हा छातीपर्यंत पाण्यात बसलेला एक तरुण उरला होता. शोध नऊ दिवस चालला, अनेक देशांची जहाजं आणि विमानं त्यात होती. आणखी कुणी जिवंत सापडलं नाही. कप्तान आणि अधिकाऱ्यांपैकी एकही जण वाचला नाही.

वाचलेल्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी पुढचं सगळं आयुष्य लोकांच्या प्रश्नांखाली काढलं, तेवढं पुरे.

वादळ येणार हे आधी कळलं नव्हतं?

तेव्हा हवामानाचे उपग्रह नव्हते. जहाजांनी बिनताऱ्याने कळवलेल्या नोंदी, काही विमानं आणि किनाऱ्यावरून प्रसारित होणारे इशारे, एवढंच. कॅरी सप्टेंबरच्या सुरुवातीला आफ्रिकेच्या बाजूला जन्मलं आणि जवळजवळ तीन आठवडे जिवंत राहिलं, हे चक्रीवादळाच्या मानाने फार. आधी पश्चिमेला गेलं, मग वळून पूर्वेकडे, अझोरच्या दिशेने आलं. इशारे प्रसारित होत होते. ते पामीरवर केव्हा ऐकले गेले आणि त्यावर काय विचार झाला, हे सांगू शकणारी माणसं जहाजाबरोबर गेली.

चूक कप्तानाची होती का?

ल्यूबेकच्या सागरी चौकशी मंडळाने जानेवारी १९५८ मध्ये निकाल दिला. धान्याची चुकीची भरणी, नीरमाच्या टाक्यांत पाण्याऐवजी धान्य, वादळाच्या मानाने जास्त ठेवलेली शिडं आणि न मिटलेली दारं ही कारणं त्यात आली. अशा जहाजाच्या खास स्वभावाची कप्तानाला पुरेशी ओळख नव्हती, असंही म्हटलं गेलं. निकाल सगळ्यांना पटला नाही. जहाजाचं वय आणि त्याची देखभाल यांकडेही अनेकांनी बोट दाखवलं.

माझं मत विचाराल तर, सगळा दोष एका माणसाच्या डोक्यावर ठेवणं मला पटत नाही. डीबिच यांनी समुद्रावर उभं आयुष्य घालवलं होतं, फक्त पामीरचे कप्तान म्हणून ही त्यांची पहिली फेरी होती. जहाजाला पैशाची चणचण, बंदरात संप, निघायची घाई, नेहमीचा कप्तान आजारी. जहाजावर काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. यातलं प्रत्येक संकट एकेकटं आलं असतं तर निभावलं असतं. तरीही सहीचा अधिकार कप्तानाकडे असतो आणि ‘असं निघणार नाही’ हे म्हणण्याचाही. तो अधिकार वापरायला किती धैर्य लागतं, हे मालकाचा फोन आलेला असताना ज्याने सही केली आहे त्यालाच कळेल.

दुसऱ्या जहाजाचं, पासाटचं काय झालं?

हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पामीर बुडाल्यावर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९५७ मध्ये, पासाटही अर्जेंटिनाहून मोकळे जव घेऊन येत होतं. वादळात त्याचाही माल सरकला. कसंबसं ते लिस्बनला पोहोचलं आणि बचावलं. तीच त्याची शेवटची व्यापारी फेरी. १९५९ मध्ये ल्यूबेक शहराने ते विकत घेतलं. वादळापेक्षा जवाला मी जास्त दोष देतो, त्याचं मोठं कारण पासाट आहे.

आज धान्याच्या जहाजाला असा धोका आहे का?

आज नियम फार काटेकोर आहेत. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय धान्य संहिता ठरली आणि १ जानेवारी १९९४ पासून ती बंधनकारक झाली. धान्य सरकेल हे गृहीत धरूनच हिशोब करायचा: सरकल्यावर कल १२ अंशांच्या वर जाता कामा नये आणि आम्ही ज्याला जीएम म्हणतो तो स्थैर्याचा आकडा किमान ०.३० मीटर हवा. हा हिशोब कागदावर दाखवल्याशिवाय बऱ्याच बंदरांत भरणी सुरूच होत नाही. मुंबई-गोव्याकडची जी मुलं आज बल्क कॅरिअरवर, म्हणजे मोकळा माल वाहणाऱ्या जहाजावर, सेकंड मेट किंवा चीफ मेट या पदांवर अधिकारी आहेत, ती हे गणित परीक्षेसाठी घोकतात. त्यांना मी एवढंच सांगतो की हे गणित सोडवताना पामीरवरच्या तुमच्याच वयाच्या मुलांना आठवा.

जर्मन नौदलाचं ‘गोर्ख फोक’ हे शिडाचं प्रशिक्षण जहाज त्याच ब्लोम उंड फोस गोदीत १९५८ मध्ये पाण्यात उतरलं. पामीरनंतर पालकांच्या मनात धडकी होती, त्यामुळे त्याच्या स्थैर्याकडे विशेष लक्ष दिलं गेलं. पूर्ण आडवं झालं तरी ते पुन्हा उभं राहील, अशी त्याची रचना आहे.

स्मारकात काय पाहायला मिळतं?

भव्य पुतळा, कारंजं, मोठा स्तंभ असं काही शोधू नका. सेंट याकोबी चर्चच्या बुरुजाखाली उत्तरेकडे एक छोटं प्रार्थनास्थळ आहे, तिथे पामीरची लाइफबोट आहे. फळ्या उचकटलेल्या, कड तुटलेली. तिला रंगरंगोटी करून नवी केलेली नाही, हे मला फार योग्य वाटलं.

मी गेलो तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. बोट अपेक्षेपेक्षा लहान वाटली. वर्गात आम्ही ‘लाइफबोटची क्षमता’ हे शब्द किती सहज लिहायचो. तिथे उभं राहिल्यावर मी नकळत बाकं मोजू लागलो, कोण कुठे बसलं असेल, कुणी कुणाला धरलं असेल. पाण्याने भरलेल्या बोटीत सरळ बसून राहणं हेच दिवसरात्रीचं काम होतं त्या मुलांचं.

२००७ मध्ये, दुर्घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ही जागा नागरी जहाजांवर मरण पावलेल्या सगळ्यांचं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. युद्धात गेलेल्या नौसैनिकांची स्मारकं जगभर आहेत. माल वाहताना, मासे पकडताना गेलेल्यांना अशी जागा क्वचितच मिळते. त्यांना स्मशानही नसतं. आईला फूल वाहायला जावं असं ठिकाण नसतं. ही बोट त्या सगळ्यांच्या वतीने तिथे आहे.

हेच चर्च का?

सेंट याकोबी हे पहिल्यापासून दर्यावर्दींचं आणि कोळ्यांचं चर्च. १३३४ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. मार्च १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात ल्यूबेकची बरीच मोठी चर्च जळाली, हे मात्र जवळजवळ शाबूत राहिलं. समोरच रस्त्यापलीकडे १५३५ मध्ये बांधलेलं नाखव्यांच्या संघाचं घर आहे. तिथे आता उपाहारगृह चालतं आणि छताला जुन्या जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. समुद्रावर निघताना समोरच्या चर्चमध्ये जायचं, परतल्यावर या घरात बसायचं, असा तो परिसर. पामीरचं घरचं बंदरही ल्यूबेकच होतं.

तिथे जायचं कसं?

हॅम्बुर्गहून ल्यूबेक रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास. स्टेशनवरून जुन्या शहरात चालत जाता येतं. चर्च कोबेर्ग या चौकाजवळ आहे. उघडण्याच्या वेळा बदलतात, त्या आधी पाहून घ्या. उपासना चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा.

पामीरसारखं जहाज आज कुठे पाहता येईल?

चार वाचली आहेत. पासाट ल्यूबेकजवळ ट्राव्हेम्युंडेला. पेकिंग बरीच वर्षं न्यूयॉर्कला होतं, ते दुरुस्त होऊन सप्टेंबर २०२० मध्ये हॅम्बुर्गला परतलं. पोमर्न ओलांड बेटांवरच्या मारीयेहाम्न बंदरात आहे, बांधलं होतं त्या रूपाच्या सर्वांत जवळ. आणि पादुआ, जे दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाकडे गेलं, ‘क्रुझेनश्टेर्न’ या नावाने शिक्षणासाठी वापरात राहिलं.

आपल्याकडे शिडाच्या जहाजावर शिक्षण देतात का?

देतात. भारतीय नौदलाचं ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही तीन डोलकाठ्यांची बार्क जहाजं गोवा शिपयार्डने बांधली. तरंगिणी १९९७ मध्ये नौदलात आलं आणि त्याने पृथ्वीप्रदक्षिणाही केली. या जहाजांवर व्यापारी माल नसतो, शिक्षण हेच काम. पामीरची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हा फरक मोठा वाटतो.

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत चालला आहे. त्याला हे दाखवावं का?

हा प्रश्न मला रत्नागिरीच्या एका आईने विचारला होता. मी हो म्हणालो. भीती घालण्यासाठी नाही.

जमलं तर आधी पासाटवर न्या. ल्यूबेकहून ट्राव्हेम्युंडेची गाडी वीसएक मिनिटांत पोहोचते, तिथून फेरीने पलीकडच्या प्रिवाल तीरावर गेलं की जहाज समोर उभं. मुलाला डोलकाठ्या मान वर करून पाहू दे. मग खाली, जिथे धान्य भरायचे, त्या पोटात उतरा. किती खोल आणि रुंद आहे ते त्याला चालून पाहू दे, आणि कडेचे कोपरे दाखवा, जिथे मोकळे जव नीट पोहोचवायला माणसाला रांगत जावं लागायचं. त्यानंतर दुपारच्या गाडीने ल्यूबेकला परत या आणि याकोबीत जा. बोटीजवळ काही समजावून सांगू नका. तो बाकं मोजायला लागेल. त्याला मोजू दे.